खुर्च्या आमच्याकडे, टेबलं तुमच्याकडे

६ फेब्रुवारी

भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तुम्ही हे पत्र फोडलंत, म्हणजे माझं अर्धं काम झालं.

आधी फोनच केला होता. तुमच्या जुन्या नंबरावर आता एक बाई बोलतात. फार सभ्य आहेत. मी पुन्हापुन्हा लावत राहिले, तेव्हा त्यांनीच विचारलं, "सापडले का हो तुमचे दीर?" शेवटी तुमच्याकडून टेबलं नेणाऱ्या एका हॉलच्या मॅनेजरनं हा पत्ता दिला. नवा नंबर मात्र त्यानं दिला नाही. तुम्हीच देऊ नको म्हणून सांगितलं असेल.

तुम्हाला बोलवायला लिहीत नाहीये. त्या बाबतीत निश्चिंत असा. मला फक्त एक विचारायचं आहे.

यांची तब्येत मध्यंतरी जरा बिघडली होती. आता बरी आहे, दवाखान्यातून घरी आणलंय. खातात-पितात, झोप लागते. बोलणं तेवढं थोडं कमी झालंय. मग हातानं सांगतात, त्या तुमच्या हॉलमधल्या खुणा करून. पाणी, थांब, इकडे ये, एवढ्या मला कळतात. इतकी वर्षं लांबून बघितल्यात. एक मात्र कळत नाही. डाव्या हाताची दोन बोटं स्वतःच्या कॉलरला लावतात. मग तळहात आडवा धरून समोर हवेत फिरवतात, टेबल पुसावं तसा. आणि शेवटी बोटं दाराकडे झटकतात.

या खुणेचा अर्थ काय, तेवढं कळवा. सोबत कार्ड ठेवलंय, त्यावर आमचा पत्ता घालूनच दिलाय. एक ओळ पुरे. सही नाही केलीत तरी चालेल.

बाकी काळजीचं काही नाही.

वहिनी

१५ फेब्रुवारी

भाऊजी,

कार्ड आलं नाही. टपाल उशिरा जातं म्हणून मी वाट बघितली. आता दुसरं कार्ड ठेवते आहे.

मागच्या पत्रात मी थोडं सावरून लिहिलं होतं. चिमणीनं ते वाचलं आणि म्हणाली, "आई, हे पत्र वाचून काकाला वाटेल बाबांना सर्दी झालीय." तेव्हा सरळच लिहिते. यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बोलणं कमी झालंय असं मी लिहिलं, ते खरं नाही. एक शब्द नाही. चिमणीनं पाटी-पेन्सिल आणून दिली. डाव्या हातानं काहीतरी गिरवलं, नुसत्या रेघा. डॉक्टर म्हणाले, बोलणं जातं तिथूनच लिहिणंही जातं, हाताचा दोष नाही. मी विचारलं, मग खुणा कशा राहिल्या? ते म्हणाले, जे हातात मुरलेलं असतं ते कधी कधी राहतं. आणि घड्याळाकडे बघितलं.

खातात-पितात हेही खरं नाही. चार घास तोंडात जातात, दोन बाहेर येतात. पोटात काय जातं ते मला माहीत.

ती खूण अजून चालू आहे. मी काय काय करून बघितलं ते ऐका. कॉलरला बोटं लावतात म्हणून आधी सदरा बदलला. मग वाटलं उकडत असेल, म्हणून वरचं बटण काढून पंखा लावला. नर्सताई म्हणाल्या दाढी टोचत असेल, तर केस कापणाऱ्याला घरी बोलावलं. दार उघडं ठेवून पाहिलं, बंद करून पाहिलं. टेबल पुसल्यासारखा हात फिरवतात, म्हणून स्वयंपाकघरातलं टेबल पलंगाशी आणलं आणि त्यांच्यासमोर पुसलं. तेव्हा अर्ध्या तोंडानं हसले. मला वाटलं, जमलं. पण पुन्हा तेच. दोन बोटं कॉलरला, हात आडवा, बोटं दाराकडे.

पैलवानाला बोलावलं. तुमचा पैलवान, अजूनही काडीसारखाच आहे आणि अजूनही सहा खुर्च्या एका हातात धरतो. त्यानं पलंगासमोर उभं राहून नीट पाहिलं. म्हणाला, "वहिनी, मला हमालाच्या खुणा माहितीयेत. रांग सोड, रांग जोड, मधे वाट ठेव, यजमान डोकं खातोय. ही त्यातली नाही. ही दोघा भावांची आहे. धाकट्या शेठला विचारा."

म्हणून विचारते आहे.

यजमान डोकं खातोय याला नाक खाजवायचं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे माझे मामा चिमणीच्या बारशात सूचना देत फिरत होते, तेव्हा तुम्ही दोघं हॉलच्या दोन टोकांना उभे राहून सारखी नाकं खाजवत होतात. आणि मी तुम्हाला धुळीचा त्रास होतो म्हणून औषध आणून दिलं होतं.

काल ते झोपले असताना मी खाली गोदामात जाऊन बसले. खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्यात. यांची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. प्रत्येक खुर्ची स्वतः बसून बघितल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही. एकेक उघडायची, बसायचं, मागे रेलायचं, उठायचं, मिटायची. लोक म्हणायचे, एवढ्या खुर्च्या आणि माणूस एक, वेडाबिडा आहे का? हे म्हणायचे, "माझ्याखाली मोडू दे. पाहुण्याखाली मोडली तर त्याचं हाड मोडेल आणि आपलं नाव." आणि हॉलमध्ये मात्र कधी बसले नाहीत. चिमणीच्या शाळेच्या बक्षीस समारंभाला आमच्याच खुर्च्या होत्या. तिचं नाव पुकारलं तेव्हा मी पुढे बसलेली आणि हे मागे खांबाला टेकून उभे. मी हातानं बोलावलं तर मान हलवली. घरी आल्यावर म्हणाले, "आपल्या खुर्चीवर आपण बसायचं म्हणजे आचाऱ्यानं पंगतीत बसल्यासारखं."

आता पडूनच असतात. बसवलं तर उजवीकडे कलतात.

कार्ड टाका.

वहिनी

२४ फेब्रुवारी

भाऊजी,

दुसरं कार्डही आलं नाही. यावेळी कार्ड ठेवत नाही. तुमच्याकडे दोन आहेत.

रागवायचं नाही असं ठरवून बसले आहे, पण पेन ऐकत नाही.

तुम्हाला वाईट वाटायला हवं म्हणून सांगते. गोदामावरची पाटी अजून तीच आहे, 'खुर्च्या व टेबले भाड्याने मिळतील'. तुम्ही गेल्यावर यांनी 'व टेबले' वर रंग फासला होता. दोनच उन्हाळ्यांत तो पोपडे धरून गळून पडला आणि खालची अक्षरं वर आली. पुन्हा रंगवा म्हटलं तर म्हणाले, "बघू." मग कितीतरी वर्षं लोक टेबलं विचारत यायचे आणि हे त्यांना दुसऱ्या कुणाचा पत्ता द्यायचे. रंग काही लावला नाही.

काय भांडण होतं हो ते? तुम्हाला प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणायच्या होत्या, यांना लाकडीच ठेवायच्या होत्या. एवढंच. त्यावरून तुम्ही म्हणालात, "मग तुझ्या खुर्च्या तूच घेऊन बस." आणि हे म्हणाले, "बसतो. टेबलं तू घे." जगात भावाभावांच्या वाटण्या होतात, निम्मं तुला निम्मं मला. तुम्ही दोघांनी सगळ्या खुर्च्या एकाला आणि सगळी टेबलं दुसऱ्याला केली. कुणी मध्ये पडलं नाही, कारण कुणाला ते खरं वाटलं नाही. आपल्या शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या होत्या, "आता गिऱ्हाइकानं जेवायचं उभ्यानं की बसायचं उपाशी?"

आणि तरी काम चाललं. गिऱ्हाईक दोन्हीकडे जायचं. तुम्ही टेबलं लावायचात, मागून हे खुर्च्या लावायचे. एकाच हॉलमध्ये, पाठीला पाठ लावून. बोलणं बंद. पण खुणा चालू होत्या. मी स्वतः पाहिलंय. घरी तुमचं नाव काढलं तर हे ताटावरून उठायचे, आणि हॉलमध्ये तुम्ही त्या टोकावरून हात वर केलात की इकडे दोन रांगा मागे सरकायच्या. मी एकदा विचारलं, "हा कसला अबोला?" तर म्हणाले, "बोलणं माझं आहे, ते मी बंद केलं. खुणा कामाच्या आहेत. काम बंद करता येत नाही."

मग तुम्ही टेबलं भरून गावच सोडलंत. त्यानंतर यांनी खुणा कुणाशीच केल्या नाहीत. पैलवानाला तोंडानं ओरडून सांगायचे. हॉलमधून यायचे ते घसा बसवूनच.

आता सगळं गेलं आणि तेवढंच उरलंय. ज्याला ते कळतं असा एकच माणूस आहे आणि त्याला एक ओळ लिहायला फुरसत नाही.

आणखी एक सांगते, जे मी चिमणीलाही सांगितलेलं नाही. ती खूण हे फक्त मला करतात. चिमणी शाळेतून शिकवून येते, त्यांच्याजवळ बसते, तिला नाही करत. नर्सताईंना नाही. मी दिवसभराचं आवरून पलंगाशी जाऊन बसले, पाय चेपायला घेतले, की बोटं कॉलरला, हात आडवा, आणि मग बोटं दाराकडे. माझ्याकडे बघून. पहिल्यांदा मी ते काही मागतायत असं धरून चालले. आता वेगळंच वाटतं. कॉलर म्हणजे मी, आडवा हात म्हणजे पुरे झालं, आणि दार म्हणजे दार.

मी काय केलं असेन हे आठवत बसते. एवढ्या वर्षांच्या संसारात काही ना काही असेलच.

आता चिमणी भरवते. मी स्वयंपाकघरात असते. भिंतीला कान लावून ऐकते, किती चमचे वाजतात ते.

तुम्ही मला भलतासलता अर्थ सांगायला घाबरत असाल तर घाबरू नका. ती खूण 'हिला माझ्यासमोरून घालवा' अशी असली तरी लिहा. ते कळलेलं बरं. न कळलेलं मला झेपत नाहीये.

वहिनी

४ मार्च

भाऊजी,

या. आता खुणेचा अर्थ नको, तुम्हीच या.

परवा दुसरा झटका आला. छोटा होता म्हणतात. गिळणं बंद झालंय. नाकातून नळी घातली तर डाव्या हातानं ओढून काढतात. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, घरचं कुणी लांब असेल तर कळवून टाका. आमचं लांब असं दुसरं कोण आहे?

मागच्या पत्रातलं सगळं मागे घेते. प्लॅस्टिकचं, टेबलांचं, पाटीचं, सगळं. तुमचं बरोबर होतं असं हवं तर लिहून देते. यांच्यासमोर म्हणते, त्यांना ऐकू येतं. लाकडी खुर्च्यांनी पैलवानाचे खांदे गेले, तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. आणखी काय म्हणू सांगा.

तुमच्यापुढे पदर पसरते. कधी कुणापुढे पसरला नाही. यांनी पसरू दिला नाही. वाटणीच्या वेळी मी म्हणाले होते, मी जाऊन भाऊजींना समजावते. तर म्हणाले, "तू दोघांच्या मधे येऊ नकोस. चिरडशील." म्हणून आले नाही. आता आले आहे.

काल मी पुन्हा त्यांच्या खोलीत गेले. दारातच उभी राहिले, आत जायला मन होईना. त्यांनी मला पाहिलं. हात उचलायला किती वेळ लागला. बोटं कॉलरपर्यंत पोचलीच नाहीत, छातीवरच राहिली. तळहात आडवा झाला आणि गादीवर पडला. मग दोन बोटं तेवढी हलली, दाराकडे. आणि डोळ्यांतून पाणी आलं. आता तुम्हीच सांगा, घालवून देणारा माणूस रडतो का?

मला वाटतं ते तुम्हालाच बोलवतायत. दार म्हणजे तुम्ही येणार ते दार. असं असेल ना?

कधीही या. गोदामाची किल्ली शिंपीणबाईंकडे आहे, टेम्पो आत लावता येईल. घरात आमच्याशिवाय कुणी नसतं. कोणी काही बोलणार नाही. मी एक शब्द विचारणार नाही.

वहिनी

११ मार्च

भाऊजी,

आज सकाळी हे गेले.

चिमणी जवळ होती. मी दूध तापवत होते. तिनं हाक मारली तेव्हा मी म्हणाले, "आले, उतू जाईल." मग गॅस बंद करून गेले.

आज एका लग्नाला आमच्या सगळ्या खुर्च्या गेल्या होत्या. पैलवान म्हणाला, थोड्या परत आणतो, अंगणात एवढी माणसं उभी आहेत. मी नको म्हटलं. लग्नातली खुर्ची उठवायची नाही हा यांचा नियम होता. एकदा मांडली की शेवटचा पाहुणा जाईपर्यंत ती त्याची. तेव्हा शेठच्या दारात लोक उभेच राहिले. म्हातारी माणसं पायरीवर बसली. शिंपीणबाईंनी घरातून दोन स्टुलं आणली. हे असते तर लाजेनं मेले असते, असं मी चिमणीला म्हणाले आणि आम्ही दोघी हसलो. लोक बघत होते.

येत्या रविवारी दुपारी गोदामात लोक भेटायला येणार आहेत. यायचं असेल तर या. नाही आलात तरी मी आता काही लिहिणार नाही.

१८ मार्च

भाऊजी,

लिहिणार नाही म्हणाले होते. पण रविवारी तुम्ही जे सांगितलंत त्यावर मी तिथे काहीच बोलले नाही. तेव्हा बोलायचं राहिलेलं इथे लिहिते.

तुम्ही टेम्पो घेऊन आलात तेव्हा मला आधी टेबलं दिसली. ओळखली मी. कडेला निळा पट्टा, आपलीच. तुम्ही खाली उतरून कुणाकडे न बघता ती आत घ्यायला लागलात. पैलवान पुढे झाला तर तुम्ही फक्त हात वर केलात आणि तो त्या टोकाला जाऊन उभा राहिला. त्यानं खुर्च्या कशाही मांडल्या होत्या, गोल करून, जसं हल्ली करतात. तुम्ही एक टेबल मांडायचं आणि मान हलवायची, आणि त्याच्या भोवती चार खुर्च्या यायच्या. मी भिंतीपाशी उभी होते. एवढ्या वर्षांनी गोदामात खुर्च्या आणि टेबलं एकत्र बघितली आणि मला इतका राग आला की मी मागच्या खोलीत निघून गेले. मेल्यावर जमलं. आधी नाही जमलं.

लोक बोलले ते तुम्ही ऐकलंतच. ते हॉलचे जुने मॅनेजर म्हणाले, आमच्याकडे किती शेठ आले न् गेले, पण खुर्ची उलटी करून खालची धूळ पुसणारा हाच एक. शिंपीणबाई म्हणाल्या, माझे यजमान वारले तेव्हा शेठ खुर्च्या घेऊन आले, आणि परत न्यायला आले तर दारात उभे राहिले. आत कुणी रडतंय तोवर आवाज नको म्हणून. दुपारची संध्याकाळ झाली. मी बाहेर आले तर शेठ तिथेच. मला म्हणाले, "बाई, घाई नाही. खुर्च्यांना कुठे जायचंय?" मग चिमणीला बोलायला सांगितलं. ती एका खुर्चीवर बसली, मागे रेलली, उठली. तेवढंच. सगळ्यांना कळलं.

मग लोक गेले. मी सवयीनं खुर्च्या मिटायला घेतल्या. पहिली मिटली, दुसरी मिटली. मान वर केली तर त्या टोकाला तुम्ही उभे होतात, माझ्याकडे बघत.

आणि तुम्ही दोन बोटं कॉलरला लावलीत. तळहात आडवा फिरवलात. बोटं दाराकडे झटकलीत.

गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी कशी चालत आले मला माहीत नाही. तुमच्यासमोर येऊन मी म्हणाले, "काय म्हणालात?" तुम्ही गडबडलात. म्हणालात, "काही नाही वहिनी. तू दमलीस. तू जा, उरलेलं मी आवरतो. दादा मला रोज हेच सांगायचा. काम संपत आलं की, कॉलर म्हणजे माझ्यावर सोड, हात म्हणजे हे सगळं, आणि जा घरी."

मी विचारलं, "माझी पत्रं मिळाली नाहीत?"

तुम्ही म्हणालात, "मिळाली."

"मग?"

तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते मी रोज मनात घोळवते आहे. तुम्ही गाव सोडलंत त्या दिवशी टेम्पोच्या आरशात हे तुम्हाला गोदामाच्या दारात उभे दिसले, आणि त्यांनी तीच खूण केली. तू जा, उरलेलं मी बघतो. म्हणून माझं पहिलं पत्र वाचलंत तेव्हा तुम्हाला वाटलं, दादा अजून तेच म्हणतोय. मलाच सांगतोय, येऊ नको. "मला वाटलं तो माझ्यासाठीच करतोय, वहिनी. पहिल्या पत्रात तू कुठे लिहिलंस की तुझ्याकडे बघून करतो म्हणून. पुढची पत्रं मी फोडलीच नाहीत. दादा गेल्याचं आणि रविवारचं मॅनेजरनं फोन करून सांगितलं."

हो. तिसऱ्या पत्रात लिहिलं होतं. ते अजून बंदच असेल. आता फोडा.

भाऊजी, मला तुमच्यावर ओरडायचं होतं. अजून आहे. एक ओळ लिहायची होती तुम्ही. 'तू जा, मी आवरतो.' चार शब्द. ते कळले असते तर मी त्यांच्या पलंगाशी बसून म्हटलं असतं, बरं, जाते हो, आवरा तुम्ही. आणि जाऊन शेजारच्या खोलीत आडवी झाले असते, आणि ते निवांत झोपले असते. एक अंग नाही, वाचा नाही, गिळता येत नाही, आणि हा माणूस मला सांगत होता की तू दमलीस, पड जा, उरलेलं माझ्यावर सोड. आणि मी काय केलं, तर त्यांच्यासमोर टेबल पुसलं. सदरा बदलला. मग मला घालवतायत असं समजून खोलीत जायचं बंद केलं. शेवटी शेवटी रडले ते म्हणून. मी ऐकत नव्हते म्हणून. एवढं साधं काम सांगतोय आणि बायको दारात उभी.

हे मला कुठे ठेवायचं ते कळत नाही. रात्री कूस बदलते तेव्हा तिथेच असतं, सकाळी दूध तापवताना तिथेच असतं. चिमणी म्हणते, "आई, काकाला दोष देऊ नकोस, तुलाही देऊ नकोस." शाळेत शिकवते ना, तिला सगळं वाटून देता येतं. मला येत नाही.

आता कामाचं.

टेबलं तुम्ही इथेच ठेवून गेलात. पैलवान म्हणतो परत पाठवू का. मी नको म्हटलं. यांनी जायच्या आधी घेतलेली एक मागणी आहे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, लग्नाची. यजमानांना मी नाही म्हणायला गेले होते. मुलीचे वडील म्हणाले, "शेठनं शब्द दिला होता, खुर्च्या त्यांच्याच, आणि टेबलं कुठून तरी आणतो म्हणाले होते." तेव्हा मी हो म्हणून आले. टेबलं कुठून तरी आली आहेत.

तुम्ही आदल्या दिवशी या. एका टोकाला तुम्ही, एका टोकाला पैलवान. खुर्च्या मी तपासते आहे. रोज थोड्या. उघडायची, बसायचं, मागे रेलायचं, उठायचं, मिटायची. एक काल माझ्याखाली मोडली. कंबर दुखते आहे, पण बरं वाटलं.

फक्त एक ऐका. कार्यक्रम संपला, लोक गेले, की मी दाराजवळ उभी असेन. तेव्हा लांबून मला ती खूण करू नका. ती यांनी मला केली होती, आणि मी ऐकली नाही. आता दुसऱ्या कुणाची ऐकणार नाही. शेवटची खुर्ची उचलेपर्यंत मी तिथून हलणार नाही.

वहिनी